ताईच्या फोटोला हार

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि आता तोही गेला. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही.

माझी ताई सिनेमात भूत व्हायची. हसू नका, तिचं पोट त्यावरच होतं. नागपूरहून मुंबईला गेली हिरॉईन व्हायला. मिळाली पडकी हवेली, पांढरी साडी आणि मोकळे केस. पहिल्या अर्ध्या तासात मरायची आणि उरलेला सिनेमा सूड घेत फिरायची. पोस्टरवरचे तिचे पांढरे डोळे सगळ्यांना माहीत, पण रंग पुसला की तिला कोणी ओळखायचं नाही. एकदा तरी साधी आई करायला मिळावी, स्वयंपाकघरात उभी असलेली — एवढंच तिला हवं होतं. ते काही मिळालं नाही.

एका सिनेमात हवेलीच्या भिंतीवर तिचा फोटो होता. शूटिंग संपल्यावर तो तिने हौसेने घरी आणला, चंदनाच्या हारासकट. आई भडकली. जित्या पोरीच्या फोटोला हार? तिने तो कपाटामागे टाकला.

आता — कसं सांगू? थोरली सिनेमात आहे म्हणून माझी दोन स्थळं परत गेली होती. तिसरं उमरेडचं, विणकरांचं घर. सासरे आणि नवरा मला बघायला येणार होते. त्या सकाळी मी तो फोटो काढला, पुसला आणि बैठकीत टांगला. हार तसाच ठेवला. आईने पाहिलं आणि पोहे परतत राहिली.

पाहुण्यांनी फोटोला हात जोडले. कोणी काही विचारलं नाही. मी तोंडाने खोटं बोललेच नाही, असं किती वर्षं स्वतःला समजावत आले — पण तेही खोटंच. लग्नानंतर सासूने विचारलं तेव्हा मी कावीळ सांगितली.

ताईला लग्न कळवलं ते उरकल्यावर. एका दुपारी ती सरळ उमरेडला आली, माझ्यासाठी साडी घेऊन. घरात मी आणि सासू, दोघीच. कोण म्हणून सासूने विचारलं, आणि मी म्हणाले — मैत्रीण.

सासूने तिला बसवलं. "हिच्या बहिणीले ओळखत असशीन मंग. लय वाईट झालं बापा. एवढ्याशा वयात गेली."

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चहा प्याली. चांगली होती हो, म्हणाली. इतकं चांगलं काम तिने कुठल्या सिनेमात केलं असेल? मी तिला दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "कधी मेली वं मी?"

आणि मी सांगितलं. "दिवाळीच्या आधी. कावीळ झाली होती तुले."

संवाद पाठ करावा तशी तिने मान हलवली. पुन्हा कधी आली नाही. मीही बोलावलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली, मुंबईत, एकटीच. सुनेने मोबाइलवर वाचून दाखवलं — भुताच्या सिनेमातली कोणी जुनी नटी वारली. मी मेथी निवडत होते. फोटो पुढे धरून सूनबाई म्हणाली, "आई, ओळखता का हिले?"

सासू नव्हती, नवरा नव्हता. भ्यावं असं घरात कोणी उरलं नव्हतं.

मी नाही म्हणाले.