प्लॉटच्या चार बाजू

नव्या प्लॉटिंगमधली जागा आमच्या मिस्टरांइतकी बारकाईनं परभणीत दुसऱ्या कुणी पारखली असेल, असं मला वाटत नाही. ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. आम्ही स्टेशनजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. रविवार आला की ते सायकल काढायचे, मला मागं बसवायचे आणि गावाबाहेर पडलेली नवी प्लॉटिंग बघत फिरायचे.

पावसाळ्यात कुठं पाणी साचतं ते बघायचे. तीच जागा मे महिन्यात परत बघायला जायचे आणि जवळच्या विहिरीत डोकवायचे. शहर कुणीकडं वाढतंय यावर त्यांचं सगळं ध्यान असायचं. कृषी विद्यापीठाच्या बाजूला नोकरीवाले घरं बांधायला लागले होते. "आज इथं चिटपाखरू न्हाई," ते म्हणायचे, "पण पोरी मोठ्या होईपर्यंत बघ. इथं दुकानं येतील, शाळा येईल. जागा म्हातारपणाला उपयोगी पडंल अशी घ्यावी."

शेवटी दोन जागा मनात राहिल्या. एक रुळापलीकडं, आमच्याच लोकांच्या वस्तीत, माझ्या चुलत दिराच्या घराला लागून. ती स्वस्त होती, पण त्या बाजूला ना नळ जाणार होता ना डांबर. दुसरी विद्यापीठाच्या बाजूच्या नव्या कॉलनीत. ती घेण्याआधी त्यांनी आईला दाखवायला नेलं.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, चुडाव्याच्या पुढच्या एका गावच्या. कृषी नव्हे, त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी गावातल्याच लोकांनी आमची गल्ली पेटवली. सासरे म्हैस सोडायला परत आत गेले आणि भाजले. त्यातून ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आत्याबाई आमच्याजवळ होत्या. गावाचं नावसुद्धा त्या घेत नसत.

प्लॉटवर जाऊन त्यांनी जमिनीकडं बघितलंच नाही. मधोमध उभ्या राहिल्या आणि चारी बाजूंना मान वळवली.

"मागून वाट हाय का?" त्यांनी विचारलं.

"मागं दुसऱ्याचा प्लॉट हाय, आई. वाट कशाला पायजे?"

"निगायला."

मिस्टर हसले. "हे शहर हाय. सगळे नोकरीवाले हायत. इथं कोन कोनाला इचारतंय?"

"आज इचारनात," त्या म्हणाल्या. "उद्या इचारतील."

घर बांधायला काढलं तेव्हा शेजारच्या बँकेतल्या साहेबांनी त्यांच्या बोअरचं पाणी दिलं. आमचं आडनाव सगळ्या जातींत सापडणारं, त्यामुळं त्यांनी काही विचारलं नाही, आम्हीही काही सांगितलं नाही. आमच्या दुसऱ्या बाजूला त्यांचाच आणखी एक रिकामा प्लॉट होता. पुढं विकायला म्हणून घेऊन ठेवलेला. मिस्टरांशी त्यांचं फार जमायचं. संध्याकाळी दोघं विटांच्या ढिगावर बसून या भागाचं पुढं कसं होईल ते बोलत राहायचे.

गृहप्रवेशाला आम्ही बुद्धवंदना ठेवली. सगळ्या कॉलनीला बोलावलं. बरेच जण गेटापर्यंत आले, आत पांढऱ्या साड्या आणि मूर्ती बघितली आणि काहीतरी काम आठवून वळले. साहेब आत आले, उभ्या उभ्या हात जोडले आणि पेढा घेतला. दुपारी मी पत्रावळ्या टाकायला बाहेर गेले तर तो पेढा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी तो उचलून टाकला आणि घरात कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतर भांडण असं कुणाशीच झालं नाही. कुणी शिवी दिली नाही. मुलींना खेळायला कुणी बोलवत नव्हतं, एवढंच. मिस्टर म्हणायचे, नवी कॉलनी आहे, वेळ लागतो.

साहेबांचा रिकामा प्लॉट बघायला लोक यायचे. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची. माणूस प्लॉट पावलांनी मोजायचा, खुश दिसायचा, मग आमच्या घराकडं बोट करून हळूच काही विचारायचा. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही. एका रविवारी साहेब आमच्याकडं आले. घरात बसले नाहीत, अंगणातच बोलले.

"राग मानू नका. तुम्ही माणसं चांगली आहात. पण गिऱ्हाईक शेजार विचारतं. मी खोटं सांगू का?"

"मग आम्ही काय करावं म्हणता?" मिस्टरांनी विचारलं.

"विकायचं मनात आलं तर आधी मला सांगा. मीच घेतो."

ते गेल्यावर मिस्टर बराच वेळ अंगणात उभे राहिले. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "उतार बघितला, पाणी बघितलं, रस्ता बघितला. ह्या भागाचा भाव कशानं पडंल त्याचा सगळा इचार केला होता मी. आपल्यामुळं पडंल हे कसं ध्यानात आलं न्हाई?"

चहा तसाच गार झाला.

तरी आम्ही तिथं काही वर्षं काढली. मग ती संक्रांत आली. त्याच विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होणार अशी बातमी पसरली होती आणि चौकाचौकांत पोलिसांचा बंदोबस्त लागला होता. मिस्टर कॉलेजात असल्यापासून या दिवसासाठी मोर्चांत चाललेले, लाठ्या खाल्लेले. मी तिळगूळ केला होता. तिसऱ्या प्रहरी कॉलनीतले चार-पाच पुरुष आले. पुढं साहेब होते.

"चार दिवस नातेवाइकांकडं जाऊन या," ते म्हणाले. "तुमच्या चांगल्यासाठीच सांगतोय. तुमच्या शोधात कुणी इकडं आलं, तर आम्हालाही लेकरंबाळं आहेत."

"आमचं घर सोडून आम्ही का जावं?" मी विचारलं.

ते माझ्याकडं न बघता मिस्टरांकडंच बघत राहिले. आत्याबाई आतून आल्या तेव्हा त्यांच्या हातात गाठोडं होतं. ते कधी बांधलं मला माहीत नाही. "चला," एवढंच म्हणाल्या आणि गेटाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

ऑटो करून आम्ही रुळापलीकडं दिराकडं गेलो. तिथं निर्णयाची बातमी आधीच पोचली होती. हलगी वाजत होती, बायका एकमेकींना साखर भरवत होत्या, म्हातारी माणसं रडत होती. मुली त्या नाचात शिरल्या. मिस्टर दिराच्या खोलीत गेले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. लोक त्यांना बोलवायला येत होते. "एवढं लढलास, आज झोपतोस व्हय?" ते उठले नाहीत. मी साखर नेली तीही त्यांनी हातात घेतली नाही.

चार दिवसांनी परत आलो. घराला काहीच झालेलं नव्हतं. कुंडीसुद्धा हललेली नव्हती. आत्याबाई मात्र ऑटोतून उतरेनात.

"तुमी ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "मला तिकडंच सोडा. मला आता पळायचं बळ न्हाई."

उन्हाळ्यात घर साहेबांनाच विकलं. रजिस्ट्रीच्या दिवशी त्यांनी मिस्टरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही समजूतदार म्हणून हे जमलं." मिस्टरांनी मान हलवली. बाहेर येऊन ते तहसीलसमोरच्या लिंबाखाली बसले आणि मला म्हणाले, "तू हो पुढं, मी येतो." मी गेले नाही. शेजारी बसले. समोरून माणसं कागद घेऊन आत जात होती, बाहेर येत होती. ऊन आमच्या अंगावर आलं तरी आम्हाला उठून कुठं जावं ते कळत नव्हतं.