टाचेचं औषध गालाला

आमच्याकडे पायाच्या भेगांत बिब्बा घालतात. तो जरा तापवायचा, सुईनं टोचायचा आणि काळं तेल सुटलं की भेगेत सोडायचं. तेच तेल दुसरीकडे कुठं लागलं की बिब्बा 'उतते', म्हणजे कातडी सुजून टरारून फोड येतात. बाभुळगावाकडच्या आमच्या खेड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या मायला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

तरी तिनं तो गालाला लावला. आणि लावला तो माझ्या हातानं.

झालं असं, की साठ सालच्या आगेमागे आम्ही यवतमाळला एका लग्नाला गेलो. मावशी तिथंच राहायची. सावलीतली बाई, रोज तोंडाला स्नो लावणारी. ती मायहून चांगली सहा वर्षांनी थोरली. मांडवात एक पाहुणी आली, थेट मायच्या पाया पडली आणि मावशीकडं बघून म्हणाली, "ही तुमची धाकटी काय?" सगळ्या बाया हसल्या. मायही हसली. परत येताना बैलबंडीत मात्र तिनं सगळी वाट तोंडावर पदर धरून ठेवला. मला मेलीला वाटलं, ऊन लागत असेल.

कापूस वेचून वेचून मायच्या दोन्ही गालांवर काळे वांग आले होते. मावशीनं दिलेला स्नो तिनं चार दिवस लावून पाहिला. काळ्यावर पांढरं, राख फासल्यासारखं दिसायचं. मग एका दुपारी तिनं डब्यातून बिब्बा काढला आणि सुई माझ्या हातात दिली.

"वांगावर ठिपके दे. मले आरशात नीट दिसत नाही."

"माय, उतन ना तो."

"टाचंले चालते, तं गालाले काहून नाही चालनार? चामडी एकच हाये."

मी दिले ठिपके. तेरा वर्षांची घोडी झाले होते, पण अक्कल गुडघ्यात.

सकाळी पाहते तर मायच्या डोळ्यांच्या जागी दोन फटी. गालांवर पाण्यानं भरलेले फोड, ओठ एका बाजूला ओढलेला. मला ती माझी माय वाटेचना. बाबा दारात नुसते उभे राहिले. बिब्ब्यावर उतारा म्हणून घरात होतं ते खोबरं वाटून लावलं, तिला खायलाही दिलं. सूज काही हटली नाही, तेव्हा बाबांनी बंडी जुंपली.

तालुक्याला नुकताच एक डॉक्टर आला होता. माय त्याच्यापुढं पदर ओढून बसली. त्यानं आधी तिचे हात पाहिले, कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले, सुकलेले. मग पदर बाजूला केला आणि बाबांना म्हणाला, "तुमच्या आईला हे कुणी लावलं? या वयात कशाला पाहिजे असले उद्योग?"

बाबांनी खाली पाहिलं.

"माय नाही साहेब. बायको हाये माही. तीस वर्षाची हाये."

मी हबकलेच. मला वाटलं, बाबा लाजेपायी खोटं बोलून राह्यले. मग बोटांवर मोजलं. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी मी. तीसच. आमच्या शाळेतल्या बाई तिच्याच वयाच्या असतील, आणि त्यांना तर आम्ही पोरगीच समजत होतो.

डॉक्टर वरमला. त्यानं मलम दिलं आणि बजावलं, उन्हात जाऊ नका, नाहीतर डाग कायमचे राहतील. बाबा म्हणाले, "साहेब, कापूस सावलीत नाही येत."

परतीच्या वाटेवर गाव दिसायला लागलं तेव्हा मायनं चाचपडत माझा हात धरला.

"तुले बी मी म्हातारीच वाटत होती काय वं?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलले.