सुलूच्या टँकमधल्या तीन जोड्या

"काका, चंद्री कल से काहीच खात नाहीये."

सुलू कॉटवर आडवी पडूनच बोलत होती. अकरा वर्षांची पोर. सांधे धरणाऱ्या तापानं तिचं हृदय अशक्त झालं होतं आणि डॉक्टरांची सक्त ताकीद होती: सहा महिने उठायचं नाही, धावायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. जीव रमावा म्हणून उशाशी माशांचा टँक ठेवला होता. तो मीच बसवून दिलेला.

मी मत्स्यखात्यात इन्स्पेक्टर होतो. तळ्यांत मत्स्यबीज सोडणं ही माझी ड्यूटी, साहेबांच्या घरचा टँक सांभाळणं ही वरकड सेवा. सुलू ही आमच्या मोघे साहेबांची धाकटी मुलगी. घर गोरखी या जुन्या राजवाड्याच्या मागल्या गल्लीत.

मी वाकून पाहिलं. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी मॉली मासोळी, सुलूची सगळ्यात लाडकी. ती वरच्या कोपऱ्यात तिरकी होऊन तरंगत होती. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. एक नर येऊन तिला टोचायचा, ती दचकून सरकायची, की दुसरा हजर. तिसरा थोरल्या नराचा मार खाऊन आला आणि त्यानंही तिच्यावरच राग काढला. मॉली म्हणजे गरीब गाय, असं मी दहा घरांत छातीठोकपणे सांगितलं होतं.

खरं तर मॉलीचा हिशेब सोपा आहे. पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार असतो तो नर, पंख्यासारखा पसरट असतो ती मादी. नर दिवसभर माद्यांच्या मागे असतो. म्हणून एका नराला दोन-तीन माद्या ठेवायच्या, म्हणजे तो त्रास वाटला जातो आणि प्रत्येकीला थोडा दम खायला मिळतो. नर वाढले की ते आपसात मारामाऱ्या करतात आणि माद्यांचे हाल कुत्रा खात नाही. सुलूच्या टँकमध्ये मी एक नर आणि तीन माद्या सोडल्या होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मध्यभारत राज्य संपलं. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. गल्लीतल्या घराघरात ट्रान्सफरच्या ऑर्डरी आल्या. रेल्वेनं नेता येणार नाही ते लोक वाटून टाकत होते, कुणी तुळस, कुणी पोपट, कुणी मासे. सुलूच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. साहेबांची ऑर्डर तेवढी यायची होती.

त्याच दिवसांत वहिनींनी, म्हणजे सुलूच्या आईनं, मला टँकपाशी बोलावलं.

"पेंडसे, यातला नवरा कोणता?"

"तो एक, वहिनी."

"आणि ह्या तिन्ही?"

मी फरशीकडे बघितलं.

"पोरगी दिवसभर हेच बघत पडलेली असते. बरं दिसतं का हे? शेजारचे भोपाळला निघालेत, त्यांच्याकडे दोन आहेत तसे. ते आणून टाका. तीन जोड्या होऊन जातील, किस्सा खतम."

माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं. पण मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. आमच्या घरी बाईला दिवस गेले तरी ते डोळ्यांनी सांगायचे. साहेबांच्या बायकोला, तेही मुलीदेखत, एकाला तिघी लागतात हे कसं सांगणार? खात्यात मला तोंडाळ म्हणत, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. "आणतो," म्हणालो आणि खरंच आणले.

त्याला तीन आठवडे झाले होते. आता मी घाईघाईनं जाळीनं दोन नर काढून बादलीत घातले, जखमा भराव्यात म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि सुलूला म्हणालो, "उद्या खाईल बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर चंद्री तळाशी पडली होती. उरलेले मासे तिचे डोळे टोचत होते. सुलू टँककडे तोंड करून पडली होती. डोळे कोरडे.

"कधी झालं?"

"पहाटे. मी कुणाला उठवलं नाही. रोना मना आहे ना."

तेवढ्यात वहिनी आल्या. "जोड्या लावून दिल्या, तरी असं कसं झालं हो?"

"जोड्या लावल्या म्हणूनच झालं," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. मुलीदेखत, नर-मादी सगळे शब्द वापरून. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

सुलूनं मान वळवली. "काका, तुम्हाला पहलेसे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"लाज वाटली."

"मला पण वाटली," ती म्हणाली. "ते तिला काय करतात, मला रोज दिसायचं. म्हणून मी फक्त 'खात नाहीये' एवढंच बोलले."

वहिनी कॉटवर बसल्या आणि पोरीला जवळ घेतलं. मग मात्र सुलू रडली. डॉक्टरांना बोलवावं लागलं. दोन दिवस तिची नाडी ठिकाणावर नव्हती.

सुलू होळीच्या सुमाराला उठून बसली. तोवर टँकमध्ये एक नर, दोन माद्या आणि पाणगवतात लपलेली बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती. पुढे साहेबांची ऑर्डर आली आणि माशांसकट ते सगळे भोपाळला गेले.

मी नोकरीत होतो तोवर अनेक घरी टँक बसवले. पाणी भरायच्या आधी पहिलं वाक्य तेच बोलायचो: एक नर, तीन माद्या. बायका पदर सावरायच्या, पुरुष पंख्याकडे बघायचे. घरात मुलगी असली, तर मी ते वाक्य तिच्याकडे बघून पुन्हा एकदा म्हणायचो.