कॉम्प्युटरचं कपाळ

आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून मी ओळखला जातो. याचा पुरावा आजवर कोणी मागितलेला नाही आणि मीही दिलेला नाही. मी रोह्याला एका कंपनीत स्टोअरला आहे. मागे एकदा स्टोअरचा कॉम्प्युटर अडकून बसला, सगळे लांब उभे राहून बघत होते, तेव्हा मी पुढे होऊन तो बंद केला आणि परत चालू केला. बस, एवढंच! पण ही बातमी पेणला माझ्या ताईकडे पोचेपर्यंत मी अख्खी कंपनी वाचवली होती. (मी ती दुरुस्त करायला गेलो नाही. चांगल्या बातमीत आपण कशाला नाक खुपसा?)

ताईच्या घरी आमच्या भावोजींचा गणपतीचा कारखाना आहे. घराच्या पुढच्या भागात गणपती राहतात आणि उरलेल्या जागेत माणसं. त्यांची एकुलती एक मुलगी मानसी. बाप मातीत हत्तीची सोंड वळवतो, लेक तीच सोंड कॉम्प्युटरवर वळवते. हत्ती, बैल, माकडं, अशी कितीतरी खेळणी तिने वर्षभर बसून त्या कॉम्प्युटरवर तयार केली होती. पुण्याच्या एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तिला इंटरव्ह्यूला बोलावलं, तोही घरबसल्या, ऑनलाइन. दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, वेळ दुपारची. स्वतःचं काम स्क्रीनवर फिरवून दाखवायचं होतं आणि ते सगळं त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होतं. "मामा, ही नोकरी मला पायजेच," असं ती मला फोनवर म्हणाली होती. ही पोरगी सहसा काही मागत नाही, आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. त्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

दसऱ्याला मी दरवर्षी पेणला सोनं द्यायला जातो. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा असते. साचे, कोरण्या, ब्रश, रंगाची गन, कॉम्प्रेसर, सगळं धुऊनपुसून ओळीने मांडलेलं. भावोजी एकेकाला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत पुढे सरकत होते. शेवटी कॉम्प्युटरपाशी आले आणि हातातलं कुंकू तसंच धरून थांबले.

"याचं कपाळ कुठं?"

"स्क्रीनला लावा की," ताई म्हणाली.

"नको गो आई, स्क्रीन खराब होईल!" मानसी ओरडली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी जाणकाराने गप्प बसायचं असतं, हे मला आता कळतंय.

"स्क्रीन म्हणजे नुसता टीव्ही," मी म्हणालो. "खरा कॉम्प्युटर हा खालचा डबा. आणि डब्याचा जीव या बटणात. तेव्हा बटण हेच कपाळ!"

"वा!" भावोजी म्हणाले. "मंग तुमच्याच हातानं होऊं दे, नंदूशेठ."

झालं! मी कुंकवात पाणी घालून चांगलं घट्ट कालवलं आणि डबा चालू करायच्या बटणावर ठसठशीत टिळा लावला. त्यावर अक्षता लावल्या. त्या गळून पडल्या. परत लावल्या, परत पडल्या. तेव्हा मी चिमूटभर तांदूळ घेऊन अंगठ्याने असे काही दाबून बसवले की आत कुठेतरी 'खट्' असा आवाज आला.

"पावला!" म्हणत भावोजींनी हात जोडले. मीही जोडले.

आता दसऱ्याला हत्यारांना सुट्टी असते. पूजा झाली की त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. मानसी दोनतीनदा म्हणाली, "आई, एकदाच चालू करून बघते गो, उद्या इंटरव्ह्यू हाय."

"आज नाय. आज त्याचा दिवस हाय, आराम करूं दे त्याला."

"यंत्रालाही विश्रांती लागते," मी जाणकार या नात्याने सांगितलं, आणि श्रीखंड-पुरी खाऊन संध्याकाळी रोह्याला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात ब्रश घालतोय तोच भावोजींचा फोन.

"नंदूशेठ, कॉम्प्युटर उठत नाय! भिंतीवरचं बटन दाबलं का पंखा भुर्रकन फिरतो, दिवा लागतो, आन् लगेच सगला बंद!"

"घाबरू नका. मागची वायर काढा आणि परत लावा."

"काढली."

"आता काय दिसतंय?"

मागून ताईचा आवाज आला, "आवो, फ्रीज कुनी बंद केला?"

पुढची बरीच मिनिटं मी फोनवरून त्या घरातल्या वेगवेगळ्या वायरी काढायला आणि लावायला सांगत होतो. फ्रीज झाला, मोटर झाली, देवघरातली माळ झाली. कॉम्प्युटर तसाच. शेवटी मानसीने फोन घेतला.

"मामा, मी काय म्हनते, ते बटन आत रुतल्यासारखं वाटतंय. बघू का काढून?"

"बटणाला हात लावू नकोस गो! बटणाचं कधी काही बिघडत नाही. हा पॉवर सप्लायचा मामला आहे. मी येतो."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही नका जाऊ. लागू दे ना बिचारीला नोकरी."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, ओळखीच्या दुकानदाराला घरून बोलावून दुकान उघडायला लावून विकत घेतला, पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला आणि मोटरसायकल काढली. निडी, नागोठणे मागे टाकलं, आणि हायवेला लागल्यावर तो डबा प्रत्येक खड्ड्याला माझ्या बरगडीत बसायला लागला. पोरीसाठी एवढं सोसायला काहीच हरकत नव्हती.

पेणला पोचलो तर ताई डोळ्यांत पाणी आणून बसलेली. मानसी इंटरव्ह्यूचा ड्रेस घालून तयार.  अशा वेळी जाणकाराने तोंडावर काही दाखवायचं नसतं. मी बाह्या सरसावल्या आणि डब्याचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या भुकटीचा हा थर! गणपतीच्या कारखान्यात दुसरं काय असणार?

"धूळ!" मी जाहीर केलं. "सगळं दुखणं या धुळीचं."

"हात्तिच्या! मंग हवा मारू की," असं म्हणत भावोजींनी कॉम्प्रेसर चालू केला. डबा अंगणात नेला. मी खाली वाकून नेमकी कुठे हवा मारायची ते बोटाने दाखवत होतो. भावोजींनी गन रोखली आणि दाबली. गनमध्ये गणपतीच्या अंगाला मारतात तो गुलाबी रंग थोडा उरला होता. तो सगळा माझ्या तोंडावर आला! (डब्याला एक थेंब लागला नाही. भावोजींचा नेम चांगला आहे.)

"ऱ्हावा, हलूं नका," भावोजी निरखून म्हणाले, "कानामागं जरा कमी लागलाय."

मानसी तोंड फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. म्हणून मी तोंड न पुसताच डबा परत आत घेतला आणि पुढच्या कामाला लागलो.

रॅमची पट्टी काढली, खोडरबरने घासली, परत बसवली. बंद. जुना पॉवर सप्लाय काढून नवा बसवला. बंद! दोन स्क्रू शिल्लक राहिले, ते कुठले आठवेना, म्हणून ते खिशात टाकले. परत चालू करून पाहिलं. पंखा भुर्रकन फिरला, आम्ही चौघंही पुढे वाकलो, आणि सगळं बंद.

"मामा," मानसी हळूच म्हणाली, "ते बटन..."

"बटण नाही गो, मदरबोर्ड गेला असणार! अलिबागला न्यावा लागेल."

ताईने हंबरडाच फोडला. "अरे, इंटरव्ह्यूला आता येळ कितीसा ऱ्हायला? पोरीचं वरीस फुकट गेलं रे!"

आणि तेव्हा मला खरोखर घाम फुटला. आपल्याला यातलं काही कळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण एवढं गुलाबी होऊन बसल्यावर ते सांगायचं कुठल्या तोंडाने?

मानसीने माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर अगदी अलगद काढून घेतला. "मामा, तू सकालपासून उपाशी हायस. दमलास. आई, मामाला आत ने, चहा दे. आन् पोहे कर. सावकाश कर."

मी आत जाऊन बसलो. पण स्वयंपाकघरातून बाहेरचं सगळं दिसत होतं. मानसीने डब्याचं पुढचं प्लास्टिक काढलं. बापाची सगळ्यात बारीक कोरणी घेतली आणि बटणाच्या फटीत घातली. लाल रंगाचा एक तांदूळ बाहेर पडला. मग दुसरा. मग कुंकवाचं वाळून दगड झालेलं ढेकूळ. बटण टक्‌कन वर आलं. कालपासून ते बिचारं आत दाबलेलंच होतं. बटण धरून ठेवलं की कॉम्प्युटर बंद होतो, हे तर मलासुद्धा माहीत आहे!

माझ्या शेजारी पोहे खाता खाता भावोजीही तेच बघत होते.

"अक्षता कुनी..." त्यांनी सुरुवात केली.

"आवो, गप ऱ्हावा. पोहे खावा," ताई म्हणाली.

बाहेर कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. पंखा फिरला तो फिरतच राहिला. मानसी धावत आत आली. "मामा, चालू झाला! तू रॅम पुसलीस ना, त्यानंच झालं बघ!"

"म्हटलं नव्हतं मी?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

इंटरव्ह्यू वेळेवर सुरू झाला. दार लोटलेलं होतं आणि दाराला आमचे तीन कान. मानसीचे हत्ती फिरले, बैल फिरले, पलीकडची माणसं छान छान म्हणाली. मग एका बाईंनी विचारलं, "समजा, तुमच्या टीममधला सीनियर माणूस चुकतोय, तुम्हाला दिसतंय, पण तो ऐकत नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल?"

मानसीची खुर्ची करकरली. दाराकडे बघितलं असावं तिने.

"मॅडम," ती म्हणाली, "आज सकाळचंच सांगते."

आणि तिने सांगितलं! फ्रीजपासून खोडरबरापर्यंत सगळं. कॉम्प्युटरमधून पलीकडची माणसं हसण्याचे आवाज बाहेरपर्यंत येत होते. "मग मी त्यांना चहाला आत पाठवलं," मानसी सांगत होती, "बटण साफ केलं, आणि त्यांच्यामुळेच झालं असं सांगितलं. ते माझ्यासाठी मोटरसायकलवर रोह्याहून आले होते हो, मॅडम. त्यांना वाईट वाटायला नको होतं." ताईने माझ्याकडे बघून पदर डोळ्यांना लावला. भावोजींनी पदर नसल्यामुळे माझ्या पाठीवर थाप मारली.

मानसीला नोकरी लागली. पेढे घेऊन ती रोह्याला आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "त्या एका उत्तरावर माझी निवड झाली, असं मॅडम म्हणाल्या. मामा, तू नसतास तर मला ही नोकरी मिळालीच नसती!"

कंपनीत, शेजारीपाजारी, लग्नामुंजीत, मी हे सगळ्यांना सांगत असतो. फक्त तिचं शेवटचं वाक्य तेवढं सांगतो.