पेडगावची तिफण, हॉटेलची भिंत

राग आला म्हणून मी पेडगावला गेले. आदल्या दिवशी परभणीबाहेरच्या एका ‘गावरान’ हॉटेलात जेवताना भिंतीवर वॉर्निश मारलेली तिफण दिसली, खाली पाटी: ‘जुन्या काळातील शोभेची वस्तू’. शोभेची म्हणे. तीन फण, म्हणून तिफण. केस विंचरायची फणी याच घराण्यातली. एका खेपेत तीन ओळी पेरणारं अवजार ते. कुठून आणली विचारलं, तर मालक म्हणाले, पेडगावच्या कौसाबाईंकडून.

परभणीहून पॅसेंजर आहे, पण वेळेचा भरवसा नाही. सरळ जीप पकडा. पाणी सोबत ठेवा, ऑक्टोबरचं ऊन डोकं फिरवतं. माझं आधीच फिरलेलं होतं.

सत्तरीच्या कौसाबाई दीड एकरात वाकून खुरप्यानं भोकं पाडून दाणा दाणा ज्वारी टोकत होत्या. शेजाऱ्याचे बैल बांधावर नुसते उभे. बैल मिळाले होते, तिफण नव्हती, आणि जमिनीतली ओल रोज उडत होती.

तिफण विकली का, विचारलं तर माझ्या प्रश्नाचीच त्यांना लाज वाटली. हॉटेलवाले मागायला आले, यांनी दिली. पेरणीच्या दिवसांत तिफण मागितली की नाही म्हणायचं नसतं, भांडण असलं तरी. पेरून झालं की नेणारा चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, मूठभर बी ठेवून आणून देतो. इथे तिफण म्हणजे पेरणीचा अख्खा दिवससुद्धा. ‘उद्या आमची तिफण हाय’ म्हटलं की उद्या पेरणी.

“हॉटेलामागं त्यायचं रान आसंल,” त्या म्हणाल्या.

हॉटेलामागे पार्किंग आहे. हे मला सांगवलं नाही. त्यांनी वाढलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

परतताना हॉटेलात जाऊन भांडले. मालक हसत म्हणाले, “मॅडम, त्यांनी स्वतःहून दिलीय. आता काय भिंत फोडू?” गिऱ्हाइकं तिफणीसमोर सेल्फी काढत होती. त्या हॉटेलात जाऊ नका, एवढंच सांगते.

घरी नाशिकला येऊन आठवडा झाला, राग उतरलेला नाही. काल कौसाबाईंना फोन केला. अर्धं रान टोकून झालं, उरलेल्याची ओल गेली, कंबर धरलीय. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, “ताई, त्या लोकायची पेरणी झाली का वो? न्हाई, घाई न्हाई. आधी त्यायचं होऊ द्या.”