झऱ्याची सासू

चढावरच्या गल्लीत झऱ्याशेजारी तिचं शिवणकामाचं दुकान होतं. कुंडात कुणी पाय बुडवला, बादली विसळली, की मशीन थांबायचं आणि तोंड सुटायचं. म्हणून लोक तिला 'झऱ्याची सासू' म्हणत. ती म्हणायची, "सासू तर सासू! पाणी तर गोड पिताय ना?"

नवरा गेल्यावर एकुलत्या लेकीला तिनं त्याच मशीनवर वाढवलं. लेक-जावयानं अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं. शेवटी एकदाचं घर बांधायला घेतलं, तेही झऱ्याच्या बरोबर वरच्या अंगाला. हिला कोण आनंद! गवंड्यांना चहा नेऊन देताना एक दिवस तिनं संडासाचा शोषखड्डा पाहिला आणि ती तशीच लेकीकडे वळली.

"अगं, हे सगळं झिरपून खालीच येणार की!"

"मग कुठे खणू, आई? पुढे रस्ता, मागे कातळ. नकाशा मंजूर झालाय. वर आणखी चार घरं आहेत, त्यांना कुणी विचारलं?"

जावयानं चहाचे रिकामे पेले गोळा केले.

ती पाणीखात्याच्या कार्यालयात गेली. साहेब भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. "काकू, अंतर नियमात बसत असेल तर मी काही करू शकत नाही. तरी तक्रार द्या, माणूस पाठवून बघतो. कुणाचं घर आहे?"

लेकीचं नाव जिभेवर आलं. आपलेच दात, आपलेच ओठ. "नंतर येते," म्हणाली आणि जिना उतरली. पुन्हा काही ती गेली नाही.

लेक नव्या घरात राहायला गेली. काही महिन्यांनी गल्लीत घरटी एकेकाचं पोट बिघडलं. मग पाणी तपासलं आणि कुंडावर पाटी लागली : पिण्यास अयोग्य. कुणाच्या खड्ड्यामुळे, हे कुणालाच सांगता येईना. पाणी तर दिसायला काचेसारखंच होतं.

आता ती दिवसभर एकच सांगत बसायची, "पिऊ नका हो!" कोपऱ्यावरचा म्हातारा न्हावी मात्र ऐकेना. "जन्मभर प्यालो, आता काय होतंय?" तिनं त्याची बाटली धरली. त्यानं हळूच तिचा हात सोडवला, बाटली भरली, तिच्यादेखतच प्यायला. ती ओरडलीसुद्धा नाही.

दुपारी लेक विकतच्या पाण्याचा जार घेऊन आली. माठ भरला, सांडलेलं पुसलं.

"आई, वर राहायला ये ना. तुझी खोली केव्हाची तयार आहे."

"बघू," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या ओवला जाईना. शेवटी लेकीनं तिच्या हातातून सुई घेतली.