तेलाची ओळ

आमच्या ऑफिसात त्याला सगळे एकनंबर म्हणायचे. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीपुरतंच उरलं होतं. त्याने लिहिलेला लेख महिन्याभरात सर्चमध्ये पहिला यायचा, म्हणून हे नाव. माझं टेबल त्याच्या शेजारी होतं आणि माझे लेख सातव्या-आठव्या नंबरावर घुटमळायचे. त्यामुळे मी त्याचा हेवाही करायचो आणि अडलं की त्यालाच विचारायचो.

टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची एक लांबट खोली होती. आठ टेबलं, आठ कॉम्प्युटर आणि कायम गळणारा एक एसी. लोक फोनवर काय काय शोधतात याची यादी रोज सकाळी यायची. तेच शब्द मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात आणि उपमथळ्यांत घालून बाराशे शब्द करायचे. सांगण्यासारखं दोनशे शब्दांचंच असलं तरी बाराशे करायचे, कारण वाचणारा पानावर जितका रेंगाळेल तितकं पान वर चढतं. दिवसाला चार लेख. सकाळी कुंडीतली माती, दुपारी गुडघेदुखी.

एकनंबर मूळचा मुद्रितशोधक. एका छापखान्यात त्याने अठरा वर्षं डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका काढल्या. छापखाना बंद पडला तेव्हा वय सेहेचाळीस. आमच्याकडे आला तेव्हा सुरुवातीला तो प्रत्येक वाक्यापाशी अडायचा. हे कुठे वाचलं, कोण म्हणतं, असं विचारत बसायचा. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी दोन-तीनदा समजावलं की आपण पुस्तक छापत नाही आहोत. मग त्याचा हात चालायला लागला, आणि असा चालला की आम्ही सगळे मागे पडलो.

दोन वर्षांपूर्वी यादीत एक विषय आला: अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला होणाऱ्या जखमा आणि घरगुती उपाय. त्याने शोधाशोध केली तेव्हा सगळ्यात वर एका निवृत्त नर्सचं पान होतं. पांढरं पान, फोटो नाही, जाहिरात नाही, पंचवीस-तीस ओळी. माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा. चादरीला सुरकुती ठेवू नका. कातडी लाल झाली असेल तर तिथे चोळू नका, तेल लावून तर मुळीच नको, आतलं मांस आणखी दुखावतं.

त्याने त्या ओळी घेतल्या, शब्द फिरवले आणि फुगवून बाराशे केल्या. अडचण एकच होती. यादीप्रमाणे लोक या जखमांबरोबर सगळ्यात जास्त शोधत होते ते ‘तेल’. मॅडम म्हणाल्या, लोक तेल विचारतायत आणि आपण नको म्हणालो तर ते दुसऱ्या पानावर जातील. त्याने उपमथळा टाकला, ‘कोणते तेल लावावे?’ आणि खाली लिहिलं, ‘लालसर भागावर कोमट तेलाने हलक्या हाताने दिवसातून तीनदा मालिश करावी, रक्ताभिसरण सुधारते.’ लेखाखाली नेहमीप्रमाणे ‘आमच्या आरोग्य तज्ज्ञांच्या टीमकडून’ असं छापलं गेलं. ती टीम म्हणजे तो, मी आणि गळका एसी, असा विनोद आम्ही तेव्हा केला होता. चार आठवड्यांत लेख पहिला आला. नर्सबाईंचं पान हळूहळू घसरत सर्चच्या चौथ्या पानावर गेलं. मॅडमनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, आणि मीही ते खाल्लं.

यंदाच्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर टेलरिंग केलेला माणूस. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण समजत सगळं होतं. ते त्याच्या ताईकडे राहायचे, बसने पाच तासांवर. ताई एका शाळेच्या लायब्ररीत होती, तिने बिनपगारी रजा घेतली. हा रोज जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा राहून तिला फोन करायचा. एकदा ती म्हणाली की बाबांच्या माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग दिसतोय, पण काळजी करू नकोस, मी सगळं वाचून काढलंय आणि त्याप्रमाणे करतेय. त्याला हायसं वाटलं. ताई म्हणजे टापटिपीची बाई, ती वाचून करतेय म्हणजे नीटच होणार. काय वाचलंय ते त्याने विचारलं नाही. स्वतःचा लेख तर त्याला आठवलासुद्धा नाही, त्यानंतर त्याने दीड-दोन हजार लेख लिहिले होते.

पंधरा दिवसांनी शनिवारी तो गेला. बाबा कुशीवर होते आणि ताई वाटीतलं कोमट तेल घेऊन त्यांच्या पाठीशी बसली होती. डाग तळहाताएवढा झाला होता आणि मध्ये कातडी फाटली होती.

“तेल नको लावूस,” तो म्हणाला.

“तुला काय कळतं त्यातलं?” ताई म्हणाली आणि तिने उशाची वही त्याच्या हातात दिली. “डॉक्टरांच्या टीमने लिहिलंय. मी उतरवून घेतलंय सगळं.”

वहीत तिच्या वळणदार अक्षरात त्याचंच वाक्य होतं. दिवसातून तीनदा. समोर तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे तीन बरोबरच्या खुणा. एकही वेळ चुकलेली नव्हती.

हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, त्या क्षणी बोललो असतो तर बरं झालं असतं. पण तो डॉक्टरांना बोलवायला गेला.

डॉक्टरांनी जखम पाहिली आणि तेल चोळायला कोणी सांगितलं म्हणून विचारलं. ताईने मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, शिकलेल्या आहात ना तुम्ही, एवढं कसं कळलं नाही. तो, तिचा धाकटा भाऊ, दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता आणि त्याच्याही तोंडून शब्द फुटला नाही. बाबा मात्र एकदा ताईकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होते. डॉक्टर गेल्यावर ताई मोरीत बराच वेळ हात धूत राहिली. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “माझ्याच हातांनी झालं रे.” तरीही तो काही न सांगता रविवारच्या बसने परत आला.

सोमवारी तो मॅडमकडे गेला आणि ती ओळ बदलू द्या म्हणाला. पहिल्या नंबराच्या पानाला हात लावायचा नाही, महिनाअखेरीला बघू, असं उत्तर मिळालं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने स्वतःच ती ओळ काढली, उपमथळा काढला आणि नर्सबाईंची ओळ होती तशी, त्यांच्या नावासकट घातली. आठवड्यात पान अकराव्या नंबरावर गेलं. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त त्याच्याकडून आरोग्याचे सगळे विषय काढून घेतले आणि फरशा, नळ, पाण्याच्या टाक्या दिल्या.

पण तोवर तो लेख अकरा साइट्सनी उचलला होता. आपण नर्सबाईंचा उचलला तसाच. तेलाची ओळ सगळीकडे होती. त्याने एकेकाला पत्र लिहिलं. तिघांनी ओळ काढली, एकाने त्या बदल्यात आमच्या साइटवर आपली लिंक मागितली, बाकीच्यांचं उत्तर नाही. त्या ओळी अजून तिथे आहेत. तो अधूनमधून उघडून बघतो.

नर्सबाईंनाही त्याने लिहिलं, आणि खाली आपला नंबर दिला. त्यांनी फोन केला. आधी बाबांची चौकशी केली, जखम किती खोल आहे विचारलं, कुशीवर कलंडवताना पाठीला उशी कशी द्यायची, टाच गादीला कशी लागू द्यायची नाही, हे सगळं सावकाश सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. मग माफी मागायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं पान खाली गेलं त्याचं मला काही नाही. पण तुम्ही ती ओळ वाचली होती. वाचून बरोबर उलट लिहिलीत.”

हे मला सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, कॉम्प्युटरकडे बघत होता. स्क्रीन बंद होती.

तीन आठवड्यांनी तो ताईकडे गेला. ती भाजी निवडत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मॅडम, आइस्क्रीम, काहीही न वगळता. ती रागावेल, रडेल, निदान वही भिरकावेल, असं त्याला वाटलं होतं. तिचे हात मात्र थांबले नाहीत.

“डॉक्टर मला बोलले, तेव्हा तू दारात उभा होतास,” ती म्हणाली.

“हो.”

“लेख लिहिलास ते मी समजू शकते. पोटासाठी माणूस काहीही लिहितो.” एवढं बोलून ती आत गेली.

जखम भरायला पाच महिने लागले. तो दर शनिवारी जातो. ड्रेसिंग करायला शिकला, बाबांना एकट्याने वळवायलाही शिकला. ताई त्याच्याशी बोलते, वेळेवर जेवायला वाढते, औषधं संपली की यादी देते. पण त्याने काही सुचवलं, अगदी गादीविषयीसुद्धा, तर ती ऐकून घेते आणि मग त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन करून विचारते.

बाबांना त्याने अजून सांगितलेलं नाही. त्यांना सगळं समजतं, हे त्याला ठाऊक आहे. पाठ पुसताना तो त्यांच्या मागच्या बाजूला असतो, तिथून त्यांचा चेहरा दिसत नाही. सांगायचं तर समोर येऊन बसायला हवं, म्हणतो.